आज्ञावलीचे नाव बदलते तेव्हा

१९७४ साली बडोदे शहराचे शासकीय नाव वडोदरा असे करण्यात आले. मात्र त्याच शहरात स्थापन झालेल्या बँकेने आपल्या नावातील ‘बडोदा’ अद्याप सोडलेले नाही. रेल्वेच्या तिकिटावर वडोदरा जंक्शनसाठी ‘बीआरसी’ हीच जुनी अक्षरे छापली जातात, आणि मराठी घरांतून तर बडोदे हे नाव कधी गेलेच नाही. तरीही कोणाची गाडी चुकत नाही की कोणाचे पत्र परत जात नाही, कारण जुन्या नावावरून नव्या ठिकाणी पोहोचविणारी नोंद दफ्तरात असते आणि ती वाचणारा माणूस समजूतदार असतो.

संगणकाच्या जगातही नामांतरे सतत घडत असतात. तेथे नोंद वाचणारे मात्र यंत्र असते, आणि यंत्रास तारतम्य नसते. जुने नाव सांगितले आणि त्या नावाची नोंद कोठेच नसली, तर काम जागच्या जागी थांबते. त्या नावावर दरम्यानच्या काळात दुसराच कोणी येऊन बसला असला, तर यंत्र निमूटपणे त्याचा माल घरात घेते, आणि हे अधिक वाईट. शाळेतील संगणक शिक्षक, कार्यालयातील यंत्रणा सांभाळणारे कर्मचारी, गावच्या सुविधा केंद्राचे चालक अशा अनेकांचा या प्रश्नाशी आता प्रत्यक्ष संबंध येऊ लागला असल्याने त्याची थोडी विस्ताराने माहिती येथे देण्यात येत आहे.

गाठोडे आणि कोठीपाल

संगणकाकडून विशिष्ट काम करवून घेणाऱ्या सूचनांच्या समूहास आज्ञावली म्हणतात. ही आज्ञावली, तिची माहितीपत्रके आणि ती आणखी कोणकोणत्या आज्ञावलींवर विसंबून आहे याची यादी, असे सर्व एकत्र बांधून जे गाठोडे तयार होते ते ‘पॅकेज’ होय. अशी हजारो पॅकेजे इंटरनेटवरील मोठमोठ्या भांडारांत ठेवलेली असतात. मागणी येताच योग्य ते गाठोडे शोधून आणणारी, त्यास लागणारी इतर गाठोडीही न सांगता आणणारी आणि कोणते कधी आणले याचा हिशेब ठेवणारी जी आज्ञावली, तिला ‘पॅकेज मॅनेजर’ म्हणतात. जुन्या संस्थानी वाड्यांत कोठीपाल जे काम करीत, तेच हे काम.

कोठीपाल एकच नाही. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीचा ‘ॲप्ट’, फेडोराचा ‘डीएनएफ’, पायथन भाषेचा ‘पिप’, जावास्क्रिप्ट भाषेचा ‘एनपीएम’ असे प्रत्येकाचे निराळे भांडार आणि निराळा कायदा आहे. हे सर्व परदेशीचे प्रकार म्हणून सोडून देता येणार नाहीत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे, आणि पायथन भाषा तर केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणक अभ्यासक्रमात शिकविली जाते.

एकच सूचना, निरनिराळे अर्थ

‘हे पॅकेज आता वापरू नये, त्याऐवजी अमुक घ्यावे,’ अशी सूचना पडद्यावर येते. वाचणारा ती एकाच प्रकारची समजतो. वस्तुतः तिच्या पोटात अगदी भिन्न घटना असू शकतात.

काही वेळा वस्तू तीच राहते आणि पाटी तेवढी बदलते. फायरफॉक्स या न्याहाळकाचे नाव व बोधचिन्ह यांवर मोझिला संस्थेचा व्यापारचिन्हाचा हक्क आहे. त्याच्या अटींवरून मतभेद झाल्याने डेबियनने २००६ साली तोच न्याहाळक ‘आइसवीझल’ या नावाने देण्यास आरंभ केला. २०१६ साली समेट होऊन मूळ नाव परत आले. काही वेळा मूळ कर्ते थांबतात आणि दुसरे कोणी तीच आज्ञावली पुढे चालवितात. पायथनमधील चित्रांवर प्रक्रिया करणाऱ्या ‘पीआयएल’ या संग्रहाची अखेरची आवृत्ती २००९ साली निघाली. २०१० मध्ये सुरू झालेला ‘पिलो’ हा त्याचा वारस, आणि आज वापरावयाचा तोच. तिसऱ्या प्रकारात चक्क दुसरी वस्तू पुढे केली जाते. २०१७ साली आलेल्या डेबियनच्या नवव्या आवृत्तीत मायएसक्यूएल या माहितीसाठ्याच्या आज्ञावलीची मागणी केली असता मारियाडीबी ही तिच्यातूनच फुटून निघालेली, पण पुढे स्वतंत्रपणे वाढलेली आज्ञावली मिळू लागली. दोहोंत साम्य पुष्कळ आहे, परंतु त्यांना एक समजून चालणाऱ्याने आधी आपल्या माहितीची प्रत काढून ठेवलेली बरी.

आणि काही पॅकेजे निर्वंश असतात. एनपीएमच्या भांडारातील ‘रिक्वेस्ट’ हे इंटरनेटवरून माहिती मागविणारे अत्यंत लोकप्रिय पॅकेज फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच्या कर्त्यांनीच ‘डेप्रिकेटेड’ म्हणून घोषित केले. या शब्दाने अनेकांची दिशाभूल होते, म्हणून त्याचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे. रिझर्व्ह बँकेने १९ मे २०२३ रोजी दोन हजार रुपयांच्या नोटा चलनातून मागे घेण्याचे घोषित केले, परंतु त्या वैध चलन राहतील हेही त्याच वेळी सांगितले. नोव्हेंबर २०१६ मधील पाचशे व हजारांच्या नोटांबाबतचा निर्णय याहून अगदी वेगळा होता. तेव्हा नोटांची वैधताच संपली. पॅकेजला ‘डेप्रिकेटेड’ म्हणणे हे २०२३ च्या घोषणेसारखे आहे. वस्तू चालते, मागितल्यास मिळतेही, पण तिची डागडुजी यापुढे होणार नाही आणि नवे काम तिच्यावर उभारू नये, एवढा त्याचा अर्थ. ‘रिक्वेस्ट’ त्यानंतरही वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणावर उतरवून घेतले जात राहिले, ते यामुळेच.

डेबियनमधील एक फेरफार

नामांतर कसे करावे याचे उत्तम उदाहरण म्हणून ‘गिट’ची हकीकत सांगता येईल. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेली ही आज्ञावली मजकुरात झालेल्या बदलांचा इतिहास सांभाळते, आणि आज जगभरचे प्रोग्रामर ती वापरतात. ती डेबियनच्या भांडारात आली तेव्हा ‘गिट’ हे नाव तेथे आधीच दिलेले होते. ‘जीएनयू इंटरॅक्टिव्ह टूल्स’ या, फायली चाळण्याच्या एका जुन्या साधनाची ती आद्याक्षरे होती. म्हणून नव्या पाहुण्याची नोंद ‘गिट-कोअर’ या नावाने करण्यात आली.

पुढे पाहुणा घरधन्याहून कितीतरी मोठा झाला. लोक ‘गिट’ मागत आणि त्यांच्या हाती भलतेच साधन येई. तरीही डेबियनने एका रात्रीत नाव काढून घेतले नाही. आधी जुन्या साधनाचे नाव बदलून ‘जीएनयूआयटी’ असे झाले. त्यानंतर, फेब्रुवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहाव्या आवृत्तीत, ‘गिट’ हे नाव नव्या आज्ञावलीकडे आलेले दिसते. ‘गिट-कोअर’ हे नावही तेव्हा पुसून टाकलेले नव्हते. त्या नावाचे एक रिकामे गाठोडे भांडारात ठेवलेले होते. त्यात माल काही नव्हता. ‘मजसाठी गिट आणावे’ एवढी चिठ्ठी होती. ज्यांच्या संगणकावर ‘गिट-कोअर’ होते त्यांच्याकडे पुढील अद्ययावतीकरणात हे रिकामे गाठोडे आले आणि चिठ्ठीनुसार मागोमाग खरी आज्ञावलीही आली. कोणास काही टंकावे लागले नाही.

या पद्धतीत एक खाच आहे, आणि ती ध्यानात आल्यावर कोठीपालाच्या दूरदृष्टीचे कौतुक वाटते. प्रत्येक पॅकेज माणसाने मागवलेले की दुसऱ्याच्या गरजेपोटी आपोआप आलेले, याची खूण ॲप्ट ठेवतो. आपोआप आलेले आणि आता कोणासही न लागणारे पॅकेज सफाईत काढले जाते. आता रिकामे गाठोडे काढून टाकले, तर त्याच्या चिठ्ठीवरून आलेली खरी आज्ञावलीच ‘न लागणारी’ ठरेल आणि सफाईत जाईल! हे टाळण्यासाठी जुन्या नावांची अशी गाठोडी ‘ओल्डलिब्ज’ नावाच्या विभागात ठेवतात. त्या विभागाबाबत ॲप्टला ‘माणसाने मागवलेले’ ही खूण चिठ्ठीतील खऱ्या पॅकेजवर सरकविण्याची सूचना दिलेली असते.

फेडोराचा मार्ग निराळा आहे. तेथे रिकामे गाठोडे ठेवण्याऐवजी नव्या नावाच्या पॅकेजलाच दोन जाहीरनामे जोडतात. ‘अमुक आवृत्तीपर्यंतचे जुने पॅकेज मी बाद करतो’ हा पहिला, आणि ‘त्या नावाने मागणी आली तरी ती मी पुरवितो’ हा दुसरा. पहिला लिहून दुसरा विसरला, तर जुन्या नावावर विसंबलेली इतर पॅकेजे निराधार होतात. फ्रीबीएसडी या प्रणालीत तर ‘मूव्हड’ नावाची एक साधी फाईलच आहे, व तिच्या प्रत्येक ओळीत जुने नाव, नवे नाव, तारीख आणि कारण असे चार रकाने असतात. जमिनीच्या फेरफाराची नोंदवही ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती परकी वाटणार नाही. नवे नाव असलेला रकाना कोरा असेल, तर पॅकेज वारसाशिवाय गेले असे समजावे. जावा भाषेच्या मेव्हन भांडारात स्थलांतराची, तर पीएचपी भाषेच्या कंपोजरमध्ये ‘सोडून दिलेले’ अशा शेऱ्यासह पर्याय सुचविण्याची सोय आहे.

सूचना कोणाची?

नोंद आहे म्हणजे सर्व निर्वेध झाले, असेही नाही. ध्वनी व चलच्चित्रे यांचे रूपांतर करणारी ‘एफएफएमपेग’ ही आज्ञावली फार जुनी व नामांकित. २०११ साली तिच्या विकासकांत फूट पडली आणि काहींनी ‘लिबाव्ह’ हा स्वतंत्र प्रकल्प काढला. डेबियन आणि उबुंटू या दोन्ही प्रणालींनी त्या वेळी लिबाव्हचा स्वीकार केला. लोकांच्या बोटांची सवय मात्र जुन्या नावाची. ती सांभाळण्यासाठी लिबाव्हच्या संचात ‘एफएफएमपेग’ याच नावाची एक आज्ञा ठेवलेली होती. ती चालविताच पडद्यावर सूचना उमटे, की ही आज्ञावली कालबाह्य झाली असून पुढे काढून टाकली जाईल, तरी ‘एव्हीकॉन्व्ह’ वापरावे.

वाचणाऱ्या पुष्कळांनी याचा अर्थ असा घेतला की एफएफएमपेगच संपले. मूळ प्रकल्प तर जोमाने चालू होता. सूचना लिबाव्हच्या संचातील त्या नावाच्या आज्ञेपुरती खरी होती, परंतु नाव सामाईक असल्याने ती दुसऱ्याच्या मृत्युलेखासारखी वाचली गेली. पुढे पारडे फिरले. २०१४ साली एफएफएमपेग डेबियनच्या विकसनशील भांडारात परतले, आणि २०१७ च्या नवव्या आवृत्तीत लिबाव्हला जागा उरली नाही. मधल्या काळात ज्यांनी आपल्या सर्व आज्ञा घाईने ‘एव्हीकॉन्व्ह’कडे वळविल्या, त्यांना त्या पुन्हा फिरवाव्या लागल्या. सूचनेखाली सही कोणाची आहे हे त्यांनी आधी पाहिले असते, तर हे दुहेरी श्रम वाचले असते.

पायथनचे भारनियमन

पायथनच्या भांडारात एका नावावरून दुसऱ्या नावाकडे आपोआप नेणारी व्यवस्था नाही. तेथील रीत अशी की, जुन्या नावाने एक अखेरची आवृत्ती काढावी आणि ती नव्या नावावर विसंबलेली ठेवावी. शिवाय पायथनमध्ये पॅकेजला दोन नावे असू शकतात. भांडारातून आणताना घ्यावयाचे एक, आणि आज्ञावलीत लिहिताना घ्यावयाचे दुसरे. ‘पिलो’ आणल्यावर आज्ञावलीत आजही ‘पीआयएल’ असेच लिहितात. वडोदऱ्याच्या तिकिटावर ‘बीआरसी’ असते तसेच हे.

या दुहेरी नावांचा सर्वाधिक त्रास ‘सायकिट-लर्न’ या संग्रहाबाबत झाला. संगणकास उदाहरणांवरून शिकविण्याच्या अभ्यासात तो सर्वत्र वापरला जातो. आज्ञावलीत त्यास ‘एसकेलर्न’ म्हणतात, म्हणून लोक भांडारातही ‘एसकेलर्न’च मागत. कोणा भामट्याने ते नाव बळकावू नये यासाठी त्या नावाचे एक नामधारी गाठोडे ठेवण्यात आले होते, व ते मागणाऱ्यास मुकाट्याने सायकिट-लर्न आणून देई. परिणामी चूक कोणाच्या लक्षातच येईना. अखेर ते बंद करण्याचे ठरले. बंद करण्याची रीत मात्र विचारपूर्वक आखलेली होती. १ डिसेंबर २०२२ पासून प्रत्येक तासातील ठराविक काही मिनिटेच मागणी नाकारली जाऊ लागली, आणि ही मिनिटे टप्प्याटप्प्याने वाढवीत नेली. आपल्याकडील भारनियमनाचाच हा प्रकार म्हणावयाचा. ज्याचे काम अडले त्याने कारण वाचले, नाव दुरुस्त केले. ज्याला तातडी होती त्याचे काम थोड्या वेळाने झाले. १ डिसेंबर २०२३ पासून मागणी कायमची नाकारण्यात येते. यास्तव जुन्या टिपणवह्यांत ‘पिप’ला ‘एसकेलर्न’ आणावयास सांगणारी ओळ असल्यास शिक्षकांनी ती बदलावी. आज्ञावलीतील ‘इम्पोर्ट एसकेलर्न’ ही ओळ मात्र बरोबर आहे. ती बदलू नये.

रिकामी झालेली जागा

पूर्वसूचना न देता नाव नाहीसे झाले तर काय होते, हे २२ मार्च २०१६ रोजी जगाने पाहिले. एका पॅकेजच्या नावावरून झालेल्या वादात एनपीएमने ते नाव एका कंपनीस दिले. त्यामुळे संतापलेल्या कर्त्याने आपली अडीचशेहून अधिक पॅकेजे भांडारातून काढून घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या अकरा ओळींचे एक पॅकेज होते. शब्दाच्या डाव्या बाजूस रिकाम्या जागा भरणे, एवढेच त्याचे काम. परंतु असंख्य मोठ्या आज्ञावली, थेट वा आडवळणाने, त्याच्यावर विसंबून होत्या. त्या सर्वांची बांधणी जगभर अडली. दुसऱ्या एका प्रोग्रामरने तसेच पॅकेज त्याच नावाने तत्परतेने ठेवले, पण त्यास आवृत्ती-क्रमांक दिला १.०.०, अनेकांची मागणी नेमकी ०.०.३ ची होती. तेव्हा एनपीएमने काढलेली आवृत्ती स्वतःच परत ठेवली, आणि पुढे पॅकेज काढून घेण्याच्या मुभेवर कडक मर्यादा घातल्या. आज ‘लेफ्ट-पॅड’वर कालबाह्यतेचा शेरा आहे, कारण तेच काम करण्याची सोय आता मूळ भाषेतच झाली आहे.

त्या दिवशी दुसरा मनुष्य सद्हेतूने आला होता. नेहमीच तसे घडेल याची शाश्वती नाही. पायथनच्या भांडारात कर्त्याने प्रकल्प पुसला की ते नाव इतरांना घेता येते. जेफ्रॉग या संस्थेच्या संशोधकांनी सप्टेंबर २०२४ मध्ये दाखवून दिले की, अशा प्रकारे बळकावता येण्याजोग्या पॅकेजांची संख्या सुमारे २२ हजार होती. जुन्या नावाने अद्ययावतीकरण मागणारा संगणक अशा वेळी परक्याची आज्ञावली विश्वासाने उतरवून घेतो, आणि त्या संगणकात विद्यार्थ्यांची गुणपत्रके असोत वा लाभार्थ्यांच्या याद्या, त्या आज्ञावलीस काहीच आडकाठी राहत नाही. म्हणून कर्त्यांनी पॅकेज पुसू नये, नाव आपल्याकडेच राखून त्यावर निवृत्तीचा शेरा मारावा, असे जाणकार सांगतात. त्यासाठी पायथनच्या भांडारात जानेवारी २०२५ पासून प्रकल्प दफ्तरबंद म्हणून जाहीर करण्याची सोय झाली आहे.

शाळेत व कार्यालयात

संगणकावर कोणती पॅकेजे, कोणत्या आवृत्तीची आणि कोणत्या भांडारातून आणली याची यादी प्रत्येक ठिकाणी असावी. कोठीपालास एका आज्ञेने ती करून देता येते. पॅकेज बसविताना उमटणाऱ्या सूचना कंटाळून पुढे सरकविण्याची सवय सर्वत्र आढळते. निदान ज्या सूचनेत दुसऱ्या पॅकेजचे नाव आहे ती तरी उतरवून घ्यावी. नवे नाव मूळ कर्त्यांच्या स्वतःच्या पानावर दिलेले आहे काय, हे पाहिल्याखेरीज ते टंकू नये. नाव सापडले नाही म्हणून त्याच्यासारखे दिसणारे घेणे तर सर्वस्वी टाळावे. अलीकडे संवाद साधणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आज्ञावलींस विचारून पॅकेज बसविणारेही दिसतात. त्या कधी कधी अस्तित्वात नसलेली नावे आत्मविश्वासाने सांगतात, आणि अशी नावे भामटे आधीच नोंदवून ठेवू शकतात.

एका प्रणालीवरील नाव दुसरीवर चालेलच, असे धरून चालू नये. अपाचे हा एकच सर्व्हर डेबियनमध्ये ‘अपाचे-२’, तर फेडोरात ‘एचटीटीपीडी’ या नावाने मिळतो. फायली शोधणारे ‘एफडी’ हे साधन डेबियनमध्ये ‘एफडी-फाइंड’ आहे, कारण आखूड नाव आधीच दुसऱ्याकडे गेलेले होते. निरनिराळ्या भांडारांत एकाच वस्तूस काय म्हणतात याचा कोश ‘रिपॉलॉजी’ या सेवेवर विनामूल्य पाहता येतो.

डेबियनवर आधारलेल्या प्रणाली वापरणाऱ्यांनी मुदतीचाही हिशेब ठेवावा. तेथे रिकामे गाठोडे साधारणतः एका आवृत्तीपुरते ठेवतात, आणि नवी आवृत्ती सुमारे दोन वर्षांनी येते. तेव्हा आपोआप चालणाऱ्या आज्ञांत व टिपणांत जुने नाव कोठे कोठे आहे हे त्याच अवधीत शोधून दुरुस्त करावे लागते. शाळांना हे काम उन्हाळ्याच्या सुटीत, वर्ग भरत नसताना, एका संगणकावर आधी करून पाहणे सोयीचे पडेल.